दादू कोळीची एकशे वीस कडी

दिनांक २४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. रक्कम रुपये एक्केचाळीस हजार तीनशे फक्त. मूळ भाडे पस्तीस हजार, त्यावर अठरा टक्के कर. पनवेलच्या ज्या इंजिनियरिंग कॉलेजात मी हिशेब विभाग सांभाळतो, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने लोणावळ्यापलीकडच्या एका खासगी चाचणीशाळेतली एक खोली एका दिवसासाठी घेतली होती, त्याचे हे बिल. शुक्रवार, २७ तारीख, सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत.

बिलाची फाईल घेऊन दादू आला. फाईलची नाडी त्यानेच बांधलेली होती, म्हणजे ती मला सुटणार नव्हती.

"सोड," मी म्हणालो.

"शिका आता साहेब. तीस वर्सं झाली."

त्याने एक टोक अंगठ्याने दाबले, दुसरे ओढले आणि गाठ सुटली. मी बिल वाचले, सही केली. एरवी सही झाली की तो लगेच निघतो. त्या दिवशी उभा राहिला.

"पोचतील ना पैसे येळेवर?"

"आजच जातील. तुला कसली घाई?"

"कडी माजी हायत त्यात," तो म्हणाला.

दादू हसुराम कोळी आमच्या कॉलेजचा शिपाई. राहणार गव्हाण कोळीवाडा. १९९४ साली नोकरीला लागला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याआधी वडिलांबरोबर खाडीत जाळी टाकायचा. खाडीत भराव पडत गेला, मासळी लांब सरकली, तेव्हा वडिलांनी होडी मोठ्या मुलाला दिली आणि दादूला सांगितले की तू पगार आण. तो पगार आणू लागला, पण जाळे विणायचे काही सुटले नाही. त्याच्या डाव्या अंगठ्याचे नख तो मुद्दाम वाढवतो, गाठ आवळायला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुताने पडलेली खाच आहे. नवीन आलेले प्राध्यापक ती खाच पाहून विचारतात, आणि दादू त्यांना दरवेळी वेगळे काहीतरी सांगतो. एकाला त्याने खेकडा चावल्याचे सांगितले होते, तर एकीला हिशेब विभागातल्या फायली उचलून झिजल्याचे.

दुपारच्या सुट्टीत तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून जाळे विणायचा. जाळे वाढत वाढत कठड्यावरून खाली लोंबायचे. एकदा ते पहिल्या मजल्यावर प्राचार्यांच्या खोलीच्या दारापर्यंत आले. त्या वेळचे प्राचार्य रागावले. दादूने जाळे गुंडाळले आणि विचारले, "सर, तुमच्या खिडकीत कबुतरं बसतात, त्यांचं काय करायचं?" पुढच्या महिनाभरात इमारतीच्या सगळ्या झरोक्यांना त्याने विणलेली जाळी लागली. त्या कामाचे बिल माझ्याकडे आले नाही. मी मागितले तेव्हा तो म्हणाला, "जिन्याचं भाडं समजा."

आता कड्यांविषयी.

डॉ. समीक्षा पाटणकर आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी आल्या. वयाने लहान, बोलायला मोकळ्या, कागदपत्रांत किंचित ढिल्या. त्यांच्याकडे एका सरकारी निधीतून प्रकल्प होता. मोठ्या बोटींच्या डोक्यावर एक आडवी पट्टी गोल फिरताना आपण पाहतो, ती रडारची अँटेना. त्या पट्टीत एक पोकळ पितळी नळी असते. रडारची लाट त्या नळीतून धावते आणि नळीला पाडलेल्या फटींमधून बाहेर पडते. या नळीला वेव्हगाइड म्हणतात. मुसळधार पावसातही दिसावे म्हणून जी लांब लाट वापरतात, तिला नळी चांगली तीन इंच रुंद लागते. एवढे वजन लहान होडीच्या डोलकाठीला पेलत नाही. ती नळी निम्मी करायची, हा समीक्षा मॅडमचा प्रकल्प.

मी ऑगस्टमध्ये विभागातल्या वस्तूंची मोजणी करायला गेलो तेव्हा त्यांना विचारले, "नळी लहान करायची तर लहान नळी विकत का घेत नाही?"

"सर, अरुंद नळीत लाट शिरतच नाही. शिरली तरी चार बोटं आत जाऊन मरते. नळीची रुंदी लाटेच्या निम्म्यापेक्षा जास्त लागते, हा नियम आहे."

"मग?"

"मग आत अशी वस्तू भरायची की लाटेला नळी रुंद वाटेल. अशी वस्तू निसर्गात मिळत नाही, बनवावी लागते. मेटामटेरियल म्हणतात." त्यांनी एक प्लॅस्टिकची पातळ पट्टी दाखवली. तिच्यावर शर्टाच्या बटणाएवढी तांब्याची कडी एका ओळीत चिकटवली होती. "तांबं साधंच आहे. कडी अशी ओळीने मांडली की ती सगळी मिळून वेगळी वागतात. लाट एका कड्याकडून दुसऱ्याकडे पुढे जाते."

"म्हणजे गुण मालात नाही, मांडणीत आहे."

"बरोबर! पण मांडणीच जमत नाहीये. मुलं फूटपट्टीने मोजून चिकटवतात, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं."

दादू चहाचे कप गोळा करायला आला होता. त्याने ती पट्टी डोळ्यांपाशी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, जशी लोक लाकडी फळी सरळ आहे का ते पाहतात.

"मॅडम, ही मोजून लावली?"

"हो काका. मिलिमीटरमध्ये."

"म्हनूनच अशी झाली. जाळं कुनी मोजून विनतं का? मोजायला गेलं की चुकतं. एक पट्टी घ्यायची, आन् पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच लावायची."

जाळ्याच्या एका भोकाला त्यांच्याकडे आस म्हणतात. विणणारा प्रत्येक आस एकाच बांबूच्या पट्टीभोवती घेतो, त्यामुळे हजार आस सारखे येतात आणि एकही मोजावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी दादूने तासलेली बांबूची एक चिंचोळी पट्टी आणली. दोन कड्यांमध्ये ठेवायची तेवढीच, तीन मिलिमीटरची. जेवणाच्या सुट्टीत त्याने वीस कडी चिकटवली. मॅडमनी ती यंत्राला लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली, दोन्ही वेळा उत्तर एकच आले.

"काका, तुम्हाला कसं कळलं हो? माझी मुलं इंजिनियर होणारेत."

"सुतानं मासा अडत नाय मॅडम, आसानं अडतो," दादू म्हणाला. "तुमचंबी तेच दिसतंय."

मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवले.

त्या दिवसापासून दादूची दुपारची जागा जिन्यातून प्रयोगशाळेत गेली. मॅडमनी त्याला टेबल दिले, दिवा दिला. कार्यशाळेत तांब्याची तार एका सळईभोवती गुंडाळून, ती हॅकसॉने उभी कापून कडी तयार व्हायची आणि डबीत भरून दादूकडे यायची. नळीचे एकेक फुटाचे तीन तुकडे होते. एका तुकड्यात दोन पट्ट्या, एका पट्टीवर वीस कडी. एकूण एकशे वीस. तो रोज सात-आठ लावायचा, घाई करायचा नाही. माझ्या टेबलावर चहा ठेवताना आकडा सांगायचा. "एकसष्ट." "सत्तर झाली." तीस वर्षे त्याने माझ्याकडे दुसऱ्यांच्या फायली आणल्या होत्या, स्वतःचे काही सांगायला तो पहिल्यांदाच येत होता. मी आकडा कॅलेंडरवर लिहू लागलो.

यात त्याची आणखी एक गोष्ट होती. मोठ्या भावाचा मुलगा मिथुन अजून मासेमारी करतो. होडी लहान. नारळी पौर्णिमेनंतर एकदा भर पावसात खाडीच्या तोंडाशी एक मालवाहू बार्ज त्याच्या होडीला घासून गेला. बार्जवाल्यांना कळलेसुद्धा नसावे. मिथुनला काही झाले नाही, पण दादूची बायको भामा तेव्हापासून पाऊस लागला की त्याला फोन करते, आणि तो समुद्रात असला की फोन लागत नाही. दादूने मॅडमना विचारले होते, "ही नळी मिथुनच्या होडीवर चढंल का?" मॅडम खोटे बोलत नाहीत. म्हणाल्या, "लगेच नाही काका. सात-आठ वर्षं लागतील. लांबी तेवढीच राहील, जाडी आणि वजन कमी होईल. पण हे चाललं तर कधीतरी चढेल."

चाललं तर. प्रकल्पाची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. त्याआधी नळी चालते असा चाचणीशाळेचा कागद जोडला नाही तर प्रकल्प अपूर्ण म्हणून बंद होणार होता, आणि पुढचा निधी मिळणार नव्हता. त्यासाठी हातात एक दिवस होता, शुक्रवारचा. हे मॅडमना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि दादूला सगळ्यांत जास्त ठाऊक होते.

बुधवार आणि गुरुवार मॅडम रजेवर गेल्या. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. जाताना दादूला म्हणाल्या, "काका, शेवटची पाच कडी लावा आणि पट्ट्या नळीत सरकवून ठेवा. शुक्रवारी सकाळी सहाला गाडी येईल. सर, तुम्हीही चला, त्यांची पावती तिथेच घ्यायचीये."

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला दादू माझ्याकडे आला.

"साहेब, सोल्डरचं एक रीळ पायजे. स्टोअरवाला तुमची सई मागतो."

"कशाला?"

"कड्यांचं थोडं काम राह्यलंय."

मी मागणीपत्रावर सही केली. कोणत्या खात्यावर टाकायचे तो रकाना मोकळा सोडला, मॅडम आल्यावर विचारू म्हणून. चार-साडेचारला सहज वर गेलो. दादू चष्मा लावून डाग देत होता. सोल्डरिंग त्याला जुने येते, विभागातल्या मुलांच्या तुटलेल्या तारा तो वर्षानुवर्षे जोडत आला आहे. प्रत्येक कडे एके ठिकाणी उघडे होते, हॅकसॉच्या पात्याएवढी बारीक फट. तिथे तो सोल्डरचा एक थेंब सोडायचा, फुंकर मारायचा आणि पुढच्या कड्याकडे वळायचा. थेंब चमकत होते. दोन पट्ट्या बाकी होत्या.

"छान दिसतंय," मी म्हणालो.

मला खरोखर तसे वाटले. उघडे कडे म्हणजे अर्धवट काम, अशीच माझी समजूत. रकाना मोकळा दिसला की मलाही भरावासा वाटतो, सोल्डरच्या मागणीपत्रावरचा सोडून. पाच वाजता दादूने पट्ट्या नळ्यांत सरकवल्या, टोके कापडाने बांधली, त्याच्या गाठीने, आणि दिवा मालवला.

शुक्रवारी पळस्पे फाट्यावर गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. दादू उतरला नाही. तिन्ही नळ्या मांडीवर घेऊन बसला होता.

"काका, त्या सीटवर ठेवा की, पडणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या. माज्या भामीला मी कधी असं मांडीवर घेऊन फिरलो नाय, तिला सांगू नका."

ड्रायव्हरच्या नाकातून चहा आला.

चाचणीशाळेची खोली पाहण्यासारखी होती. भिंतींना, छताला, जमिनीलाही काळ्या स्पंजचे टोकदार सुळके. लाट भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. आवाजही परत येत नाही. दादू आत जाऊन एकदा खाकरला आणि लगेच बाहेर आला.

"कुनाच्या पोटात गेल्यासारकं वाटतंय."

तिथला इंजिनियर परेश नावाचा तरुण होता. नीटनेटका, वेळेचा पक्का. त्याने तीन तुकडे जोडले, खांबावर चढवले, दार लावले आणि आम्ही बाहेर पडद्यासमोर बसलो. पडद्यावर एक हिरवी रेघ होती, तळाशी. तिने मध्येच उंच व्हायला हवे होते, तिथून लाट आरपार गेल्याचे कळणार होते.

रेघ तळाशीच राहिली.

परेशने जोडण्या तपासल्या. पुन्हा लावले. रेघ हलली नाही. पावणेबारापर्यंत त्यांनी तारा बदलल्या, दुसरे यंत्र आणले. मॅडमचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. दादू माझ्या शेजारी स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"मॅडम, आत काही सरकलं असेल का?" परेशने विचारले.

मॅडमनी नळी उतरवली. कापडाची गाठ सकाळी दादूनेच सोडली होती, आतली पट्टी कोणी पाहिली नव्हती. त्यांनी ती चिमट्याने बाहेर ओढली आणि टेबलावर ठेवली. वीस कडी, वीस चमकते थेंब.

त्यांनी एका थेंबावर चिमट्याचे टोक फिरवले. मग म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

"मी," दादू म्हणाला. "फाटकी होती. सगळी भरली. येकबी सोडलं नाय."

"सगळी?"

"एकशे वीसच्या एकशे वीस."

मॅडम खुर्चीत बसल्या. "काका, ती फाटकी नव्हती हो. ती फट मुद्दाम ठेवली होती. फट आहे म्हणून तर विजेला तिथे थांबून मागे फिरावं लागतं, मग ती कड्यातल्या कड्यात झोके घेते, आणि तो झोका पुढच्या कड्याला मिळतो. फट बुजवली की झोका बंद. तांब्याची साधी वेटोळी उरतात. काका, तुम्ही मला विचारलं का नाही? एक फोन तरी!"

दादूचा चेहरा मी तीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. तो उठून उभा राहिला.

"आमच्यात विचारत नाय, बाय," तो म्हणाला. मॅडम म्हणायचे विसरला होता. "जाळं होडीवर चढायच्या आदल्या दिवशी वाळूत पसरतात. जो कुनी तिथं बसला आसंल त्यानं फाटका आस दिसला की भरायचा. मालकाला विचारायचं नाय. विचारलं की त्याला कमीपना येतो, चारचौघांत त्याचं जाळं फाटकं म्हनल्यासारकं व्हतं. तुमी रजेवर होत्या. आईचं ऑपरेशन. रोज दिसायची, वाटलं शेवटी डाग द्यायचा आसंल, तो राह्यला आसंल घाईत. मी म्हनलं, बोलायचं नाय, भरून ठेवायचं."

मग मी म्हणालो, "सोल्डरच्या मागणीपत्रावर माझी सही आहे. आणि मी वर जाऊन छान दिसतंय म्हणून आलो."

"सर, तुम्हीपण?" मॅडमनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना हसू आले, नको असताना यावे तसे. मग त्यांनी डोळे पुसले. "बरोबर आहे. फटीबद्दल मी सांगितलंच नाही कोणाला. मला वाटलं, ते काय सांगायचं."

परेशने घड्याळ पाहिले. "मॅडम, स्लॉट साडेचारपर्यंत आहे. त्यानंतर दुसरी पार्टी आहे. सकाळच्या या रीडिंग्ज डिलीट करू?"

मॅडम "हो" म्हणणार होत्या. तोंड उघडून थांबल्या. "नको. राहू दे. बंद कडी असं नाव देऊन सेव्ह कर."

दादूने तोपर्यंत खिशातून बांबूची पट्टी काढून टेबलावर ठेवली होती.

"बाय, किती येळ हाय?"

"बारा वाजलेत. साडेचारला बंद. चढवायला अर्धा तास. म्हणजे चार तास."

"मंग रडायला येळ नाय. इस्त्री आना." सोल्डरच्या यंत्राला तो इस्त्रीच म्हणतो. "आन् हॅकसॉचं पातं. ज्या पात्यानं कापली तेवढंच जाड. फट सगळी सारकी पायजे ना?"

"सारखी पाहिजे."

"मंग मोजायचं नाय. पातंच पट्टी."

आम्ही कामाला लागलो. मॅडम डाग तापवायच्या आणि सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीने थेंब टिपायच्या. दादू लगेच फटीतून पाते एकदा घालून एकदा काढायचा, भिंगातून बघायचा, फुंकर मारायचा. मी वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होतो, आणि दर पाच कड्यांमागे किती मिनिटे झाली ते सांगत होतो.

"साडेबारा मिनिटं."

"साहेब, तुमी असं सांगितलं की हात कापतो. खोटं सांगा."

"दहा मिनिटं."

"आता बरं वाटलं."

परेशने आपला जेवणाचा डबा आणून मध्ये ठेवला. कोणी धड जेवले नाही. दादूने एका हाताने पोळी खाल्ली, दुसऱ्या हाताने पाते धरून. "इंजिनियरसाहेब, तुमची आई मीठ कमी टाकते," तो परेशला म्हणाला. परेश म्हणाला, "बायकोने केलंय." दादू म्हणाला, "मंग मीठ बरोबर हाय."

पावणेदोनला पहिल्या तुकड्याची चाळीस कडी उघडली. सव्वातीनला दुसऱ्याची. पुढे मॅडमची बोटे भाजायला लागली आणि वेग कमी झाला. चार वाजले तेव्हा माझ्या वहीत सत्त्याण्णव रेघा होत्या. तिसऱ्या तुकड्यातली सतरा उघडली होती, तेवीस बंद होती.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "दोनच तुकडे लावू. दोन फुटांची अँटेना. झोत जरा पसरट येईल, पण लाट जाते की नाही ते कळेल."

"आजून अर्धा तास हाय की," दादू म्हणाला.

"चढवायला लागेल काका तो."

दादूने पाते खाली ठेवले. त्याला तो तिसरा तुकडा सोडवत नव्हता हे दिसत होते. त्याने त्यावर कापड गुंडाळले आणि गाठ मारली.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी परेशने दार लावले आणि पडद्याकडे आला. हिरवी रेघ तळाशी होती. ती डावीकडून उजवीकडे सरकू लागली, तळाशीच, तळाशीच, आणि मध्यावर आल्यावर एकदम चढली. वर जाऊन थोडी सपाट झाली, पुन्हा उतरली. एक टेकडी तयार झाली होती.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. परेश म्हणाला, "मॅडम, पास होतंय. निम्म्या रुंदीच्या पाइपमधून." आणि भराभर नोंदी घेऊ लागला.

दादू पडद्याजवळ गेला. "हीच का ती?"

"हीच, काका."

"सकाळी सपाट होती, आन् आता ही?"

"हो."

त्याने मान हलवली. "भरती आली म्हनायची."

साडेचारला दुसरी पार्टी दाराशी उभी होती. मी पावती घेतली, तिच्यावर शिक्का नव्हता तो मारून घेतला, आणि आम्ही निघालो. परतताना दादूने नळ्या सीटवर ठेवल्या आणि खालापूर येईपर्यंत झोपला.

सोमवारी, ३० तारखेला, अहवाल गेला. जानेवारीत तज्ज्ञांच्या शंका आल्या. पहिलीच शंका अशी की, लाट कड्यांतल्या फटीमुळेच जाते कशावरून? तांबे आत ठेवल्यामुळे नुसतीच जात असेल. मॅडमनी शुक्रवार सकाळचे कागद काढले. सकाळी एक तुकडा जास्त होता, बाकी तीच नळी, तीच कडी, तीच अंतरे, फक्त फटी बुजवलेल्या, आणि रेघ तळाशी. अशी तुलना मुद्दाम करायची म्हटली असती तर आणखी एक दिवसाचे भाडे लागले असते. निधी पुढे मिळाला.

अहवालाची प्रत मॅडमनी दादूला दाखवली. दोन आलेख शेजारी शेजारी होते, एकाखाली बंद कडी, एकाखाली उघडी कडी.

"माजी चूक छापली?"

"चूक नाही काका, तुलना आहे ती."

"मंग तुलनेचा भत्ता किती?" त्याने माझ्याकडे पाहून विचारले.

"असा रकाना नाही," मी म्हणालो.

"तुमी तर रकाने मोकळे सोडता म्हनं."



दादू ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात मॅडमनी त्याला शाल दिली. त्याने बांबूची पट्टी मॅडमना दिली आणि सांगितले, "बाय, ही झिजली की नवीन मागा, तुमी तासू नका." मिथुनच्या होडीवर अजून रडार नाही. बार्ज येतात-जातात. भामा पाऊस लागला की फोन करते. दादू आता कोळीवाड्यात जाळी भरायला बसतो, आणि मॅडमनी बोलावले की बसने येतो. येताना माझ्यासाठी जवळा आणतो. त्याचे पैसे घेत नाही, आणि मी डबा परत देताना रिकामा देत नाही, एवढे आमच्यात ठरलेले आहे.

मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. हिशेबाची कपाटे लावून ठेवतो आहे. दादूने बांधलेल्या जुन्या फायलींची एक चळत तशीच आहे, नाड्या कापाव्या लागतील असे नवा कारकून सुशांत म्हणतो. मी कापू दिल्या नाहीत. दादू येईल तेव्हा सोडेल.

नळीचा तिसरा तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, कापडात बांधलेला. त्यातली तेवीस कडी अजून बंद आहेत.

लेखापरीक्षकांनी सोल्डरच्या त्या रिळाबद्दल विचारले. कोणत्याही खात्यात बसत नव्हते, म्हणून मी ते माझ्या नावावर घेतले. त्याचे ३८५ रुपये माझ्याकडून कॉलेजला येणे आहेत.